स्लॅबवरच्या शेतातला पाइप

मी एक जुना पाइप आहे. राखाडी रंगाचा, चार इंची, अंगावर ओळीने भोकं पाडलेला. परळी तालुक्यात धर्मापुरीला कधी आलात, तर जुन्या देवळावरून मेंढपाळांच्या वस्तीकडे जाणारा रस्ता धरा. एका बसक्या घराच्या स्लॅबवर, विटांच्या थरांवर टेकवलेला मी तुम्हाला रस्त्यावरूनच दिसेन. ‘हे कसलं भंगार वर चढवून ठेवलंय?’ असं मनात आलं, तर मित्रांनो, ते मनातच ठेवा. माझ्या तोंडावर हे बोललेल्या माणसांचं पुढे काय झालं, तेच तर मी सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरी भुकटी, वर थोडी काळी पूड, आणि मग अशी आच की विचारू नका. त्या आचेत वितळून मी यंत्राच्या तोंडातून गोल होऊन बाहेर आलो आणि तसाच गरम गरम पाण्यात बुडालो. पाण्याशी माझी पहिली भेट ही अशी, चरचरीत. एका माणसाने मला बोटाने वाजवून बघितलं, आवाज ऐकला आणि ‘चालंल’ म्हणाला. तेवढ्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली आहेत.

परळीच्या एका दुकानातून मला धर्मापुरीच्या भारतआण्णांनी नेलं. आण्णा म्हणजे मोठे जमीनदार. एकेकाळी पंचायत समितीवर निवडून आलेले, अजूनही चार माणसं मागे घेऊन चालणारे. त्यांच्या विहिरीपासून मोसंबीच्या बागेपर्यंत पाइपलाइन टाकायची होती. माझ्यासारखे कितीतरी भाऊ एकमेकांच्या तोंडात तोंड घालून चरात झोपले आणि वरून काळी माती पडली. पुढची कित्येक वर्षं मला उजेड दिसला नाही. पोटातून पाणी धावायचं, कुठून येतं, कुठे जातं, कळायचं नाही. वरती मोसंबी लगडली की लोक म्हणायचे, आण्णांची माती भारी. कोणी म्हणायचं, विहीर भाग्याची. कोणी म्हणायचं, आण्णांचा हात लागला की सोनं होतं. पाइपाचं नाव एकानेही काढलं नाही. मी तेव्हाही चिडायचो, पण जमिनीखाली चिडलेल्याला कोण विचारतो?

मग बागेत ठिबक आलं, नव्या बारीक काळ्या नळ्या आल्या, आणि आम्हाला उकरून काढलं. गरज सरो, वैद्य मरो. भाऊ कुठे कुठे गेले. मी गोठ्यामागे पडलो. माझ्यात गांधीलमाशांनी घर केलं, घुशीने बिऱ्हाड मांडलं. निवडणूक आली की मला उचलून, पुसून, फलक बांधायला उभं करत. कोणाचा फलक ते विचारू नका, दोन निवडणुकांत दोन वेगळे होते. मतदान झालं की मी परत गोठ्यामागे. एवढं सगळं होऊनही मला तडा गेला नव्हता, आणि हे मला सांगितलंच पाहिजे.

तिथे मला उज्ज्वलाने पाहिलं.

उज्ज्वला म्हणजे सिदूची बायको. सिदू मेंढपाळ. त्याच्या घराण्यात जमीन कधी नव्हती, मेंढरं होती. दिवाळीच्या सुमारास त्याचा कळप आण्णांच्या शेतात बसायचा. मेंढ्या शेतात बसवल्या की लेंड्या पडतात, जमिनीला खत मिळतं, आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य मिळतं. तशी रीतच आहे. त्या वर्षीही कळप बसला होता आणि धान्य न्यायला उज्ज्वला आण्णांच्या घरी आली होती. तिची नजर गोठ्यामागे गेली आणि माझ्यावर थांबली. तशी नजर माझ्यावर त्या कारखान्यातल्या माणसानंतर कोणाचीच थांबली नव्हती.

आण्णांची बायको गीताकाकू अंगणात शेंगा निवडत होत्या. उज्ज्वला त्यांना म्हणाली, “काकू, तो पाइप पडूनच हाय न्हवं? मला द्या की.”

“कावून? न्हाणीचं पाणी काढतीस काय?”

“भाजी लावते. स्लॅबवर. मोबाइलमधी बघितलंय मी, मातीबिगर येती. पाइपात नुसतं पाणी फिरवायचं, पाण्यात खत विरघळायचं अन् भोकात रोप ठिवायचं.”

गीताकाकूंच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या, इतक्या त्या हसल्या. “अगं बाई! माती न्हाई ते कसलं शेत? उद्या मनशील, म्हशीबिगर दूध काढते.”

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट ठाऊक पाहिजे, नाहीतर उज्ज्वला पुढे जे बोलली त्याचं वजन कळणार नाही. हिवाळ्यात वेळ अमावस्या येते, तिला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. ज्याला शेत आहे तो बायकापोरांसकट शेतात जातो, कडब्याची कोप उभी करतो, आत पाच दगड मांडून पुजतो, आणि मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं जेवण होतं. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं, आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही, असा रिवाज आहे. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या हाकेवर जातो. उज्ज्वला लग्न होऊन आली तेव्हापासून दर येळवसला आण्णांच्या शेतात जेवली होती. वाढण्यात कोणी कधी हात आखडला नाही, हे खरं. पण पंगतीत कोणीतरी म्हणायचंच, “बसा बसा, तुमाला कुठलं शेत!” प्रेमानेच म्हणायचं. तिला तेच लागायचं.

ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, औंदाच्या येळवसला मला बी हाक मारायची हाय. मेथी माझ्या शेतातली. तुमी अन् आण्णा जेवाया या.”

बाजेवर बसलेले आण्णा कान देऊन ऐकत होते. ते मिशीत हसले. “ने पाइप. पन आईक. येळवसला तुझ्या ‘शेतात’ आमी जेवलो, तर पाइप तुझा. न्हाईतर परत आणून टाक. बाथरूमचं पाणी काढाया मलाच लागंल.”

बाथरूमचं पाणी! ज्याच्या पोटातून त्यांची अख्खी बाग पाणी प्याली, त्याच्या नशिबी बाथरूमचं पाणी. मी तिथेच ठरवलं की या बाईची बाजू सोडायची नाही.

सिदूने मला खांद्यावर घरी नेलं आणि करवतीने माझे चार तुकडे केले. तुम्ही म्हणाल, मग तू एकटा कसा? कोपरे लावून मला पुन्हा जोडलं, वरच्या तुकड्यातलं पाणी खालच्यात आणि तिथून निळ्या पिंपात. म्हणजे मी एकच, फक्त वळणावळणाचा. मग उज्ज्वलाने स्टीलचा पेला चुलीत लालबुंद केला, सांडशीत धरला आणि माझ्या पाठीवर दाबला. एक भोक, मग दुसरं, मग तिसरं. धूर निघाला, घाण वास सुटला. दुखलं का? लई दुखलं. पण गोठ्यामागे अख्खा राहण्यापेक्षा कामासाठी भोकं पाडून घेणं बरं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सिदूला मेंढरं घेऊन पुढच्या गावाला निघायचं होतं. जाताना तो उज्ज्वलाला म्हणाला, “मी मेंढरामागं जातो, तू पाण्यामागं लाग. येळवसला येतो.” त्याचा विश्वास बसला होता की नव्हता, त्याचं त्याला ठाऊक. पण पिंपात घालायला कूलरची जुनी मोटर त्यानेच कुठूनतरी मिळवून आणली होती.

घरात मागे राहिल्या दोघी. उज्ज्वला आणि तिची सासू बायडाबाई.

बायडाबाईबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. आधी चांगलं. रोप भोकात उभं धरायला उज्ज्वलाने चहाचे प्लास्टिकचे कप आणले, त्यांना चिरा पाडल्या. आत भरायला मोबाइलवाल्यांनी नारळाचा भुसा सांगितला होता. धर्मापुरीत नारळ फुटतो तो देवळापुढे, भुसा कुठून आणायचा? घरात मात्र कातरलेली लोकर पोत्यांनी पडलेली, कारण घोंगडी आता कोण घेतं. उज्ज्वलाने ती कपांत भरली. पण कच्च्या लोकरीला तेल असतं. पाणी तिच्यावरून नुसतं ओघळून जायला लागलं आणि बिया कोरड्याच राहिल्या. बायडाबाई दारात बसून बघत होती. ती उठली, म्हणाली, “मेंढरू पावसात भिजून मरत न्हाई ते ह्यामुळंच की गं!” आणि तिने गरम पाण्यात रिठा घालून सगळी लोकर अशी चोळून काढली की ती कापसासारखी पाणी प्यायला लागली. त्या लोकरीत मेथी उगवली.

आता दुसरी बाजू. बायडाबाईचा जन्म कळपामागे गेलेला. तिच्या लेखी या जगात पीक येतं ते लेंडीमुळे. “अख्खा मुलूख आमच्या लेंडीवर पिकतो,” ती म्हणायची, “मोठमोठे आण्णा आमच्या दारात येत्यात, मेंढ्या बसवा मनत्यात.” त्यात खोटं काही नव्हतं. पण उज्ज्वला कृषी केंद्रातून आणलेली पांढरी पूड पाण्यात विरघळायची, ते तिला औषध वाटायचं. नुसत्या औषधावर कोण जगतं?

पहिले काही आठवडे माझ्या आयुष्यातले सोन्याचे होते, मित्रांनो. आयुष्यभर पाणी माझ्यातून धावत दुसरीकडे गेलं होतं. आता ते माझ्यात रेंगाळत होतं, पिंपात उतरत होतं आणि मोटर त्याला पुन्हा माझ्याकडे आणत होती. वस्तीला नळाचं पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, पण हेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने वर थोडीच भर घालावी लागायची. आणि मुळं! पांढरी, दुधासारखी, माझ्या पोटात लोंबायची, एकमेकींत गुंतायची. वर हिरवी पानं आणि आत ती मुळं. वस्तीतल्या बाया शिडी चढून बघायला यायच्या. एकीने तर माझ्या अंगावरून हात फिरवला. मला पहिल्यांदाच कोणीतरी बघायला येत होतं, फलक बघायला नाही.

मग एके दिवशी पानं मलूल झाली.

पाण्यात उभी असून ती तहानल्यासारखी मान टाकायला लागली. पाणी चहासारखं झालं. माझ्या पोटात बुळबुळीत थर बसला, पांढरी मुळं तपकिरी झाली, आणि असा वास सुटला की खालच्या गल्लीतून जाणारे नाकाला पदर लावायचे. उज्ज्वला वेडीपिशी झाली. तिने खत बदललं, उन्हाला पोत्याचा आडोसा केला, मोटर उघडून धुतली. मला कारण ठाऊक होतं. पण पाइपाला तोंडं दोन असून बोलता येत नाही, त्या दिवशी मला त्याचा जितका संताप आला तितका कधी आला नव्हता.

शेवटी तिने पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून एक गाठोडं वर काढलं. सिदूच्या जुन्या पटक्याचा तुकडा, आत दगड आणि ओंजळी-ओंजळी लेंड्या. उज्ज्वला कापूस वेचायला गेली की बायडाबाई वर चढून वाड्यात उरलेल्या लेंड्या भरून ते परत आत सोडायची.

“आत्या, हे काय?”

“लेंडी हाय.” बायडाबाई बिनधास्त होती. “कावून? त्या बिचाऱ्यास्नी खायला कायच न्हाई, नुसतं पाणी. मला बघवंना गेलं.”

“आत्या, शेतात माती असती. लेंडी मातीत कुजती, तिचं खत व्हतं, मंग मुळाला मिळतं. हितं मातीच न्हाई. मुळं उघडी हायत. ती घाण समदी त्यांच्याच अंगावर बसली. गुदमरून मेली समदी.”

बायडाबाईने एकेक रोप उचलून बघितलं. मुळं हातात आली, कुजलेली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. ती मटकन खाली बसली. “मी लई माया लावली गं,” एवढंच म्हणाली. उज्ज्वलाही तिच्या शेजारी बसली आणि ढसाढसा रडली. मी काही मेथीची मुळं धरून ठेवू शकलो नाही, मलाही रडू आलं. येळवस तोंडावर आली होती.

वास गल्लीभर पसरला तशी बातमीही पसरली. दुसऱ्या दिवशी आण्णा येऊन रस्त्यात उभे राहिले आणि खालूनच बोलले, “उज्ज्वला, झालं न्हवं समाधान? पाइप काढून ठिव. माणूस पाठवतो.”

उज्ज्वला कठड्याशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. “आण्णा, येळवस झाली का?”

“न्हाई.”

“मंग पाइप माझा हाय. येळवसच्या दुसऱ्या दिवशी या.”

तेवढ्यात मागून बायडाबाई पुढे झाली. काल रडलेली ती बाई ही नव्हती. “अन् खालून बोलू नगा आण्णा. आमच्या शेतात बोलायचं आसंल तर वर या.”

आण्णांनी दोघींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि पाठ फिरवून चालते झाले. मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही त्या दिवशी ताठ झाला असता. मी तर मुळातच सरळ आहे.

बायडाबाईने काठीला फडकं बांधलं आणि मला आतून घासायला घेतलं. गरम पाणी ओतायची, काठी घालायची, पुन्हा पाणी ओतायची. तिच्या हातांच्या शिरा फुगल्या. उज्ज्वला म्हणायची, “आत्या, बसा आता,” तर ती ऐकायची नाही. मी आतून लख्ख झालो, कारखान्यातून निघालो तेव्हाही इतका नव्हतो.

पण मेथी पूर्ण वाढायला पुरेसे दिवस उरले नव्हते. उज्ज्वलाने हिशेब केला आणि हात टेकले. तेव्हा बायडाबाई म्हणाली, “दाट पेर. लई दाट. अन् कवळीच काप. मेंढरू काय मोठ्ठं झाड खातंय का? कवळे शेंडे बघून तोंड मारतंय. कवळ्याची चव निब्बर पाल्याला न्हाई.” उज्ज्वलाने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि प्रत्येक कपात मूठमूठ बी दाबलं. या वेळी बायडाबाईने पिंपावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला, आणि जाता-येता स्वतःच राखणीला बसली. कोणाच्या विरुद्ध, ते मात्र मला कळलं नाही.

मग लाईट गेली. डीपी जळाली आणि मोटर गप्प झाली. पाणी फिरेना. दोघींनी पाळी लावून पिंपातून तांब्या भरायचा आणि माझ्या वरच्या तोंडात ओतायचा, पाणी खाली उतरलं की पुन्हा तांब्या. दिवसभर हेच. एकीने ओतायचं तर दुसरीने भाकरी थापायची. एक तांब्या कमी पडला असता तरी ती कोवळी मुळं सुकली असती. पडला नाही. लाईट आली तेव्हा बायडाबाईचा खांदा वर जात नव्हता आणि मेथी बोटाएवढी उभी होती.

येळवस उजाडली. सिदू आला होता. त्याने स्लॅबवर कडब्याच्या पेंढ्या चढवल्या आणि कोप उभी केली. शेजारचे हसले, “आरं घरावर घर बांधलंस की!” सिदू म्हणाला, “घरावर न्हाई, रानात बांधलंय.” आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडले. शेताच्या कडेने आंबील शिंपडत फिरायचं असतं, तसा सिदू स्लॅबच्या कडेने माझ्याभोवती फिरला. उज्ज्वलाने माझ्यावरची मेथी कात्रीने कापली. टोपलं काठोकाठ भरलं नाही, पण भज्जीला पुरून उरेल इतकं झालं. डाळी आणि शेंगा बाजारातून आणलेल्या होत्या, मी ते लपवत नाही. मेथी मात्र आमची होती.

सगळं मांडून झाल्यावर ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. रस्त्याने लोक गाठोडी, टोपली, पोरं घेऊन आपापल्या शेताकडे चालले होते. आण्णांची जीप आली. आण्णा पुढे, मागे गीताकाकू आणि बीडहून आलेले दोन पाहुणे. उज्ज्वलाने अशी हाक मारली की देवळापर्यंत गेली असेल:

“आण्णा! काकू! जेवाया या!”

जीप थांबली. रस्त्यावरचे लोकही थांबले. आण्णा मान वळवून हसले, “अगं, तिकडं शेतात पंगत खोळंबली हाय,” आणि ड्रायव्हरला हाताने चल म्हणाले.

पण मागचं दार उघडलं होतं. गीताकाकू पदर सावरत खाली उतरल्या होत्या. “येळवसची हाक हाय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मोडता येत न्हाई. उतरा.”

आण्णा उतरले. पाहुणेही उतरले, त्यांना काय, जेवणच. लोखंडी शिडी आण्णांच्या वजनाने करकरली आणि ते धापा टाकत वर आले. कोपीसमोर पंगत बसली. उज्ज्वलाने भज्जी वाढली, उंडा वाढला, आंबील दिली. सगळ्यांचे घास सुरू झाले तरी ती पळी हातात धरून तशीच उभी होती.

गीताकाकूंनी भज्जी बोटांनी चाचपली. “ही मेथी? येवढीशी?”

“कवळी हाय, काकू.”

त्यांनी घास घेतला. चावला. पान रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते पुढे सरकवलं, आणि उज्ज्वलाने पुन्हा वाढलं. आण्णांनीही दोनदा घेतलं. हात धुताना मात्र ते म्हणाले, “भज्जी झकास झाली. जेवाण एक नंबर. पन शेत मनायचं मनजे...” आणि वाक्य तिथेच ठेवून ते शिडीकडे वळले. उज्ज्वलाचा चेहरा पडला. पाइप मिळाला होता, पण तिला नुसता पाइप नको होता. मलाही नुसतं तिच्याकडे राहायचं नव्हतं.

ते खाली पोचले तेव्हा रस्त्याने म्हातारा धोंडीराम चालला होता. येळवसला वाटेत भेटलेला माणूस दुसरं काही विचारत नाही, एकच विचारतो. त्याने विचारलं, “रामराम आण्णा. कुणाच्या शेतात जेवलाव?”

रस्त्यावर बरेच जण उभे होते. आण्णांनी घसा साफ केला. “ते आपलं... हितंच, सिदूच्या घरी...”

“घरी कावून?” गीताकाकू मध्येच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत आला. “घरी कोण येळवस जेवतंय? शेतात जेवलो. उज्ज्वलाच्या शेतात.”

धोंडीरामने मान डोलावली. त्यात त्याला काहीच नवल वाटलं नाही. “बरं, बरं,” म्हणाला आणि पुढे गेला. वरती उज्ज्वला माझ्याशेजारी खाली बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रडता रडता हसायला लागली. सिदूने पोटभर हसून घेतलं. बायडाबाई म्हणाली, “बघितलंस? काकूनं सिदूचं नाव बी घेतलं न्हाई!”

मित्रांनो, असा मी. माझी भोकं मोजा, डाग मोजा, मला काही वाटत नाही. तुमच्या घरामागे, गोठ्यामागे, जिन्याखाली माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेलच. ते फेकायच्या आधी एकदा नीट बघा, वाजवून बघा. तडा गेला नसेल तर त्याला काम द्या. आणि काम दिलंत, तर त्याची रीत आधी समजून घ्या. मायेने का होईना, न विचारता त्याच्या पाण्यात काहीही टाकू नका. ही विनंती नाही, हे मी बजावून सांगतोय.

आणि पुढच्या येळवसला आमच्या रस्त्याने गेलात आणि वरून हाक आली, तर थांबा. शिडी चढायच्या आधी चपला खाली काढून ठेवा. वर शेत आहे.